प्लेअर घेण्याआधी डिस्कचं कपाट उघडा

पत्र

दिवाळीत आमच्याकडे ५५ इंची फोर-के टीव्ही आला. माझे सासरे ७८ वर्षांचे. त्यांच्या कपाटात दोनेकशे डीव्हीडी आहेत. बहुतेक मराठी नाटकं, बाकी जुने मराठी-हिंदी सिनेमे, शिवाय थोड्या व्हीसीडी. जुना प्लेअर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने नव्या टीव्हीला जोडला, तर चित्र धुरकट येतं, माणसं आडवी फुगलेली दिसतात, हात हलला की कडा फाटतात. "जुन्या टीव्हीवर किती छान दिसायचं," हे आता रोजचंच झालंय. दुकानदार म्हणतो, फोर-के अपस्केलिंगवाला प्लेअर घ्या. दीर म्हणतात, न्यू जर्सीहून येताना चांगला घेऊन येतो. मुलगा म्हणतो, डिस्क भंगारात द्या, सगळं ऑनलाइन मिळतं. घरात जुना ५.१ होम थिएटर सेट आहे. सोफा टीव्हीपासून साडेसात फुटांवर. पाच हजारांपर्यंत खर्च करू शकते. काय घेऊ?

— एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते तसं त्यांना जरूर सांगा. त्या डिस्क जुन्या टीव्हीवर खरोखरच चांगल्या दिसत होत्या. डीव्हीडी आली १९९६ च्या अखेरीला, जपानात. तेव्हा घरोघरी काचेच्या नळीचे टीव्ही होते आणि डीव्हीडीचं चित्र त्यांच्याच बेताने ठरवलेलं होतं. ते टीव्ही एका फेरीत एकाआड एक ओळी रंगवायचे आणि पुढच्या फेरीत उरलेल्या. डीव्हीडीवरही चित्र याच पद्धतीने, अर्ध्या-अर्ध्या ओळींत, साठवता येतं. त्यामुळे २१ इंची पडद्यावर सगळं जागच्या जागी बसायचं. पडदा लहान असल्यामुळे उणिवाही झाकल्या जायच्या.

आता तुमच्या नव्या टीव्हीचं पाहू. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही थोडं आतच. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. हिशोब केला तर बरोबर वीसपट. पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांतला एक डिस्कवरून आलेला आणि एकोणीस कोणीतरी अंदाजाने भरलेले. या भरण्यालाच अपस्केलिंग म्हणतात. ते काम एकतर प्लेअर करतो, नाहीतर टीव्ही. डिस्कवर जे नाहीच ते या दोघांपैकी कोणीच आणू शकत नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. आपल्या हातात एवढंच आहे, की डिस्कवर जे आहे ते पडद्यापर्यंत पोहोचताना वाटेत सांडू द्यायचं नाही. तुमच्याकडे ते तीन-चार ठिकाणी सांडतंय.

सगळ्यात जास्त सांडतंय त्या पिवळ्या वायरमध्ये. लाल आणि पांढरी आवाजाच्या. चित्र सगळं एकट्या पिवळीतून जातं. त्यात उजेड-अंधाराची माहिती आणि रंगाची माहिती एकत्र कालवलेली असते आणि टीव्हीला ती परत वेगळी करावी लागते. ते कधीच पूर्ण जमत नाही. एखाद्या नाटकाची डीव्हीडी लावा आणि नायिकेच्या साडीच्या काठाकडे जवळून पाहा. जरीच्या बारीक रेघांवर हिरवी-जांभळी झाक सरकताना दिसेल, लाल पदराचा रंग कडेच्या बाहेर ओघळलेला दिसेल. साडीचा रंग डिस्कवर व्यवस्थित आहे. तो बिघडतोय वाटेत. एचडीएमआयने जोडलं की हा दोष जातो, कारण त्यात चित्र डिजिटलच राहतं, कालवाकालव होतच नाही.

म्हणून आज संध्याकाळीच जुना प्लेअर भिंतीपासून पुढे ओढा आणि त्याची पाठ बघा. कितीतरी घरांत प्लेअरला एचडीएमआयचं सॉकेट असतं, पण सोबत पिवळी वायर आली म्हणून तीच वर्षानुवर्षं लावलेली असते. असं निघालं तर दोन-तीनशे रुपयांची वायर आणून आधी ती लावून पाहा. केबल साधीच घ्या. डीव्हीडीच्या चित्राला हजार रुपयांच्या सोनेरी टोकाच्या केबलने काडीचाही फरक पडत नाही.

इथे एक सावधगिरी. पिवळ्या वायरचं एचडीएमआय करून देणारी छोटी डबी बाजारात स्वस्तात मिळते. ती घेऊ नका. कालवलेलं चित्रच ती पुढे पाठवते, वर स्वतःची भर घालते. टीव्हीला पिवळं सॉकेटच नसेल तर नाइलाज म्हणून ठीक आहे, चित्र सुधारायचं साधन म्हणून ती अजिबात उपयोगाची नाही.

आता कडा फाटण्याविषयी. तुमच्या कपाटात नाटकं जास्त आहेत, त्यामुळे हा भाग मी जरा सविस्तर लिहिते. प्लेअर निवडताना लोक नेमकं हेच विचारात घेत नाहीत.

सिनेमा फिल्मवर चित्रित होतो तेव्हा सेकंदाला २४ अखंड चित्रं असतात. डीव्हीडी करताना प्रत्येक चित्राच्या ओळी दोन हिश्श्यांत वाटतात, पण दोन्ही हिस्से एकाच क्षणाचे असतात. प्लेअरने किंवा टीव्हीने ते नीट ओळखून परत जोडले, तर मूळ चित्र जसंच्या तसं मिळतं. नाटकांचं तसं नसतं. त्या काळातली नाटकं बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाली. त्यात पहिल्या अर्ध्या ओळी एका क्षणाच्या आणि दुसऱ्या अर्ध्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. नटाने संवाद फेकताना हात झटकला, तर तेवढ्या वेळात हात दोन बोटं पुढे गेलेला असतो. हे दोन हिस्से आंधळेपणाने एकमेकांत बसवले की हाताच्या कडेला फणीसारखे दाते उमटतात. तुम्ही ज्याला कडा फाटणं म्हणता ते हेच. चांगली यंत्रणा काय करते, तर चित्राचा जो भाग स्थिर आहे, म्हणजे मागचा पडदा, दिवाणखान्याचं नेपथ्य, तिथे दोन्ही हिस्से जोडते. जो भाग हलतोय तिथे मधल्या ओळी आजूबाजूच्या ओळींवरून नव्याने रचते. हलकी यंत्रणा अर्धे हिस्से सरळ टाकूनच देते, मग सगळं चित्र मऊ आणि थरथरतं दिसतं.

जुन्या हिंदी सिनेमांत आणखी एक भानगड असते. भारतात निघालेल्या हिंदी सिनेमाच्या पुष्कळ डीव्हीडी परदेशातल्या गिऱ्हाइकांचा विचार करून एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही-पद्धतीत काढलेल्या आहेत. त्यात ओळी ५७६ ऐवजी ४८० आणि २४ चित्रांची सेकंदाला ६० अर्धी चित्रं करायची म्हणून एक चित्र तीनदा, पुढचं दोनदा, असं आळीपाळीने वाटलेलं असतं. हा तीन-दोनचा ताल प्लेअरने पकडला नाही, तर कॅमेरा हळूच बाजूला फिरतो तिथे चित्र अडखळत सरकतं.

तर हे जोडकाम करायचं कोणी? पाच हजारांच्या आतल्या डीव्हीडी प्लेअरपेक्षा तुमच्या नव्या फोर-के टीव्हीतली यंत्रणा हे काम बहुधा जास्त चांगलं करते. म्हणून दुकानदाराच्या "फोर-के अपस्केलिंग"ला जास्तीचे पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम तुमचा टीव्ही तसंही करतोच, न सांगता. प्लेअरच्या मेनूत एचडीएमआय रिझोल्यूशन नावाचा पर्याय असतो. तिथल्या आकड्यापुढचा आय म्हणजे अर्ध्या-अर्ध्या ओळींचं चित्र, पी म्हणजे जोडलेलं अखंड चित्र. तिथे ५७६आय असेल तर तो लावा, मग अर्धे हिस्से जसेच्या तसे टीव्हीकडे जातील. नसेल तर आधी ५७६पी लावून एक नाटक पाहा, मग १०८०पी लावून तोच प्रवेश पाहा. जे चांगलं दिसेल ते ठेवा. हा निर्णय खोक्यावरचा आकडा वाचून होत नाही, डोळ्यांनी बघूनच होतो.

माणसं आडवी फुगतात याचं कारण निराळं आहे. जुनी नाटकं चारास तीन आकारात चित्रित झालेली आणि तुमचा पडदा सोळास नऊचा. टीव्ही चित्र ताणून कडेपर्यंत नेतो, म्हणून गाल फुगतात. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझ किंवा आस्पेक्ट असं काहीतरी असेल, तिथे ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा काळा" असं घरात कोणीतरी म्हणेलच, पण पट्ट्या राहू द्या. सासऱ्यांना त्यांचे नट ओळखीच्या चेहऱ्याने दिसणं जास्त महत्त्वाचं आहे.

प्लेअर घेताना याच मुद्द्यावर बरेच जण फसतात. प्लेअर ७२०पी किंवा १०८०पी पाठवतो तेव्हा तो संकेत सोळास नऊचाच असतो. मग पट्ट्या घालायचं काम प्लेअरला स्वतःला करावं लागतं. स्वस्त प्लेअर ते करत नाहीत, सगळंच ताणतात, आणि काही टीव्हींवर मग ४:३चा पर्यायही बंद होतो. त्यामुळे दुकानात प्लेअरचा मेनू उघडायला लावा. आधी टीव्ही टाइप १६:९ आहे ना ते बघा. मग ४:३ आउटपुट किंवा स्क्रीन फॉरमॅट अशा नावाखाली नॉर्मल किंवा ओरिजिनल असा पर्याय आहे का ते शोधा. तुमच्या कपाटाचा विचार करता, हा पर्याय नसलेला प्लेअर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

काही जुन्या सिनेमांच्या डिस्कवर उलटं दिसेल. रुंद चित्र चारास तीनच्या चौकटीत वर-खाली पट्ट्या घालून बसवलेलं, त्यामुळे नव्या पडद्यावर चारी बाजूंनी काळं आणि मध्ये लहानसं चित्र. तिथे टीव्हीचा झूम वापरा. अशा एनटीएससी डिस्कवर सिनेमास्कोप, म्हणजे फार रुंद, चित्राला प्रत्यक्षात २७० च्या आसपासच ओळी मिळालेल्या असतात. ते चित्र मोठं केलं की मऊ दिसणारच, त्यात प्लेअरचा दोष नाही.

आता काय घ्यायचं ते. माझी पहिली पसंती डीव्हीडी प्लेअरला नाहीच. नावाजलेल्या कंपनीचा, चांगल्या स्थितीतला, वापरलेला ब्लू-रे प्लेअर मिळतो का बघा, सोनीचा किंवा पॅनासॉनिकचा. ब्लू-रे ही डीव्हीडीनंतरची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क. तिचा प्लेअर डीव्हीडीही चालवतो, त्याला एचडीएमआय असतंच, आणि अर्धे हिस्से जोडण्याची त्यातली यंत्रणा साध्या डीव्हीडी प्लेअरपेक्षा सहसा वरच्या दर्जाची असते. नव्यात निवड कमी राहिली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे ब्लू-रे प्लेअर आणणार नसल्याचं जाहीर केलं. पण लोकांच्या घरात धूळ खात पडलेले चांगले प्लेअर पुष्कळ आहेत, आणि ओळखीत विचारलं तर तुमच्या रकमेत बसेल असा एखादा सापडायला हरकत नाही. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत चौकशी करा. मुंबईत कोणी असेल तर लॅमिंग्टन रोड.

दोन अडचणी मात्र आधीच सांगते. सगळे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी चालवत नाहीत, त्यामुळे विचारून घ्या, किंवा जुना प्लेअर व्हीसीडीपुरता राहू द्या. दुसरं म्हणजे ब्लू-रे प्लेअर सुरू व्हायला वेळ घेतात आणि मेनूत पायऱ्या जास्त असतात. सासरे दुपारी घरी एकटे असताना नाटक लावत असतील, तर त्यांना सोबत नेऊन रिमोट त्यांच्या हातात द्या. बटणं दिसतात का, डिस्क घातल्यावर नाटक आपोआप सुरू होतं का, मध्येच बंद करून दुसऱ्या दिवशी लावलं तर तिथूनच पुढे जातं का. त्यांना जमेना तर तो प्लेअर घेऊ नका.

मग दुसरी निवड, एचडीएमआय असलेला साधा नवा डीव्हीडी प्लेअर, माहितीच्या कंपनीचा, दुरुस्ती होईल असा. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या मॉडेलांत एकाला एचडीएमआय असतं आणि दुसऱ्याला नसतं. म्हणून पुढचा चकचकीत भाग बघून पैसे देऊ नका, पाठ बघून द्या. पाच हजारांत हा आरामात बसावा. यूएसबी, कराओके, तीनशे खेळ, या गोष्टींसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मुलाकडे जुनं प्लेस्टेशन ३ पडून असेल तर खर्च करायच्या आधी त्यावर एक डीव्हीडी लावून बघा. चित्र बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल. प्लेस्टेशन ४ आणि डिस्क घालता येणारं प्लेस्टेशन ५ हेही डीव्हीडी चालवतात, व्हीसीडी मात्र नाही. आणि घरातला लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून, बाहेरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लावून व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये नाटक पाहणं हाही एक मार्ग आहे. त्यात डीइंटरलेस नावाचा पर्याय चालू केला की ते फणीचे दाते जातात. पण तो ड्राइव्ह थेट टीव्हीच्या यूएसबीला लावून चालेल अशी आशा ठेवू नका, सर्वसाधारणपणे टीव्ही तो ओळखत नाहीत. आणि ७८ व्या वर्षी रोज लॅपटॉप जोडत बसणं हा काही सुखाचा मार्ग नव्हे.

दिरांना प्रेमाने नको म्हणा. अमेरिकेतले प्लेअर पुष्कळदा फक्त ११०-१२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे २३० आहे. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून प्लग घातला तर प्लेअर जळेल. शिवाय डिस्क कुठल्या देशांत चालावी यासाठी जगाचे डीव्हीडी विभाग पाडलेले आहेत, त्यात तिकडचा विभाग १ आणि आपला ५, आणि तिकडचे अनेक प्लेअर पाल पद्धतीच्या डिस्क घेतच नाहीत. तुमची बरीच नाटकं नेमकी त्या पद्धतीची असणार. एवढं सामान उचलून आणायचं आणि नाटकच लागायचं नाही, यात त्यांचंही मन खट्टू होईल.

दुकानात जाताना घरच्या डिस्क घेऊन जा. तिथली झगमगती डेमो डिस्क कुठल्याही प्लेअरवर सुंदरच दिसते, तिच्यावरून काही ठरवू नका. एक नाटक, एक जुना हिंदी सिनेमा, एक व्हीसीडी आणि एक ओरखडे पडलेली डिस्क न्या. नाटकात असा प्रवेश लावा जिथे कोणीतरी रंगमंचावरून झपझप चालत जातं किंवा हात उडवत बोलतं. सिनेमाच्या शेवटची वर सरकणारी नावं बघा. ती अक्षरं स्वच्छ सरकतात की थरथरतात, आडव्या रेघा तुटतात का. जोडकामाची यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. काळोखातला एखादा प्रसंगही लावा, म्हणजे सावलीत चौकटी दिसतात का ते कळेल. ओरखड्याची डिस्क किती वेळात उचलतो आणि कुठे अडकतो, त्यावरून डिस्क वाचणाऱ्या हेडची तब्येत समजते. वापरलेला प्लेअर घेताना ही परीक्षा सोडू नका. सिनेमा मध्येच क्षणभर थबकून पुढे गेला तर मात्र घाबरू नका. ८.५ जीबीच्या डिस्कमध्ये दोन थर असतात, एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर तसा किंचित थांबतो.

प्लेअर घरी आल्यावर टीव्हीच्या मांडणीला अर्धा तास द्या. पिक्चर मोड व्हिव्हिड किंवा डायनॅमिक असेल तर सिनेमा किंवा मूव्ही करा. पहिल्या संध्याकाळी चित्र पिवळट वाटेल, दोन-तीन दिवसांत डोळे रुळतील आणि चेहरे माणसांसारखे दिसू लागतील. शार्पनेस खाली आणा. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाही, प्रत्येक कडेभोवती पांढरी रेघ उमटते, आणि ती ५५ इंचांवर फार खुपते. नॉइज रिडक्शन थोडं चालू ठेवा. इतर वेळी मी ते बंद करायला सांगेन, पण डीव्हीडीला त्याचा फायदा होतो. अंधारात काळं राखाडी दिसत असेल, किंवा उलट सगळा तपशील काळ्यात बुडत असेल, तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज नावाचा पर्याय बदलून पाहा. प्लेअर आणि टीव्ही दोघांचाही लिमिटेड असला की जमतं. जी मांडणी ठरेल ती फक्त प्लेअरच्या एचडीएमआयपुरती ठेवता येते, बाकीच्यांच्या कार्यक्रमांना धक्का लागत नाही.

आणि सोफा मागे घ्या. हा उपाय फुकटचा आहे आणि माझ्या मते नव्या प्लेअरइतकाच परिणामकारक. निरोगी डोळ्याला ५७६ ओळी ५५ इंची पडद्यावर वेगवेगळ्या दिसेनाशा व्हायला साधारण १३ फूट अंतर लागतं. तुम्ही साडेसात फुटांवर बसता, म्हणजे डीव्हीडीचा प्रत्येक दोष भिंगातून पाहिल्यासारखा दिसतो. दिवाणखान्यात तेवढी जागा नसेल तर नाटकाच्या वेळी सासऱ्यांची खुर्ची दहा फुटांवर मांडा. ऐकू नीट यावं म्हणून ते पुढे सरकत असतील, तर आवाजाची सोय करू.

ती अशी. एचडीएमआयने चित्र टीव्हीला आणि प्लेअरला डिजिटल कोअॅक्शियल किंवा ऑप्टिकल सॉकेट असेल तर त्यातून आवाज थेट तुमच्या होम थिएटरला. सिनेमाच्या डिस्कवर ५.१ आवाज असेल तर तो पूर्ण मिळेल. टीव्हीतून फिरवून आणला तर काही टीव्ही त्याचे दोनच चॅनेल करून देतात. नाटकांना तसाही दोनच चॅनेलचा आवाज असतो, तिथे मधल्या स्पीकरची पातळी थोडी वाढवा म्हणजे शब्द पुढे येतात. टीव्हीला चित्र तयार करायला किंचित वेळ लागतो, त्यामुळे ओठांच्या आधी शब्द ऐकू आले तर होम थिएटरच्या किंवा प्लेअरच्या मेनूत ऑडिओ डिले शोधून थोडा वाढवा.

एवढं सगळं केल्यावरही काही डिस्क वाईटच दिसतील. सासऱ्यांना त्याची आधीच कल्पना द्या, नाहीतर प्लेअरला दोष लागेल. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे डीव्हीडीच्या पाव. ती लहान चौकटीत पाहिलेली बरी. "एकात तीन" सिनेमांच्या डिस्क त्याहून फसव्या. तीन सिनेमे म्हणजे साडेसात तास. ते ४.७ जीबीत कोंबले तर सेकंदाला सरासरी १.४ मेगाबिट वाट्याला येतात, आवाजासकट. डीव्हीडीवर नुसत्या चित्रालाच ९.८ पर्यंत जाता येतं आणि व्हीसीडीचं चित्र १.१५ वर चालतं, यावरून अंदाज घ्या. खोक्यावर डीव्हीडी लिहिलंय, आत जवळजवळ व्हीसीडीच आहे. यातल्या सिनेमांची स्वतंत्र, चांगली डिस्क जुन्या बाजारात कुठे मिळाली तर घेऊन ठेवा.

मुलाला मात्र एक गोष्ट नीट समजावून सांगा. सिनेमे बरेचसे ऑनलाइन मिळतात आणि अनेकदा डीव्हीडीपेक्षा चांगल्या प्रतीत मिळतात, हे त्याचं म्हणणं मान्य करा. जे तसे मिळतात ते तसेच पाहा. नाटकांचं तसं नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअरसारख्या कंपनीने डीव्हीडीची किंमत ३४ रुपयांपर्यंत खाली आणली आणि मराठी घरांत पहिल्यांदाच कपाट भरेल एवढा संग्रह होऊ लागला. त्या काळात नाटकांच्या ज्या डिस्क निघाल्या त्यांतल्या कितीतरी पुन्हा निघाल्या नाहीत आणि कुठल्या ॲपवरही आल्या नाहीत. त्या संचातले काही नट आज हयात नाहीत. एखाद्या प्रयोगात कोण कसं उभं राहिलं, कुठल्या वाक्यावर प्रेक्षागृह हसलं, हे पुष्कळदा त्या एका डिस्कवरच उरलेलं असतं. सासऱ्यांच्या कपाटातल्या नाटकांची यादी करा आणि मुलालाच एकेक नाव शोधायला बसवा. जे कुठेच सापडणार नाही त्यावर खूण करा, ते सगळ्यात जपायचं. डिस्क उभ्या ठेवा, दमट भिंतीला लागून नको. पुसताना मऊ कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

कपाटात लग्नाच्या, मुंजीच्या, साठीशांतीच्या डीव्हीडी असतील तर नव्या प्लेअरच्या आधी त्यांच्याकडे बघा. बाजारातल्या डिस्क साच्यात दाबून काढलेल्या असतात आणि बऱ्याच टिकतात. पण फोटोग्राफरने दिलेल्या घरगुती डिस्क लेझरने रंगाच्या थरावर लिहिलेल्या असतात आणि तो थर उन्हाने, उकाड्याने उडतो. काही तर आताच लागत नसतील. त्या घरच्याच असल्याने त्यांची नक्कल करायला कोणाची आडकाठी नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह लावून या रविवारीच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, आणि एक प्रत दिरांकडे न्यू जर्सीला पाठवा. प्लेअर दोन आठवडे उशिरा आला तरी चालेल.